तारबाईचं स्वैपाकघर

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे गवार मोडणं. आमच्या सणसर गावच्या घरात बायको स्वैपाकघराच्या काळ्या भिंतीला पाठ लावून बसली होती, मी उंबऱ्याशी. मध्ये सूप. मी मोडलेल्या शेंगा ती परत उचलून बघायची, शिरा राहिल्यात का म्हणून, आणि त्या राहिलेल्या असायच्याच. हात चालू होते तसं तिचं तोंडही चालू होतं. लोणी भापकरला कुणाच्या तरी साखरपुड्यात पंगतीला मीठ वाढायचं राहिलं, तिथून तिनं सुरुवात केली आणि बोलता बोलता नवऱ्या मुलाच्या आजीपर्यंत पोचली. मी हूं हूं करत होतो. माझं ध्यान नव्हतं हे तिला कळलं.

"काय सांगितलं मी आत्ता?"

"मिठाचं."

"मीठ कवाच संपलं. मी बांगड्यांचं सांगतीया. तुमच्या कानाला काय गिलावा केलाय का?"

ज्यांनी तिला शेवटच्या वर्षांत पाहिलं त्यांना यात काही विशेष वाटणार नाही. बडबडी बाई होती म्हणतील. पण आमच्या आळीतल्या जुन्या माणसांना विचारा. ते तिला तारबाई म्हणायचे. पोस्टात तार करताना माणूस कसा शब्द वाचवतो, 'आई आजारी, लगेच निघ' एवढंच लिहितो, तसं तिचं बोलणं होतं. दुकानात गेली की म्हणायची, "साखर. पावशेर." नवा दुकानदार समजायचा, बाई घुश्शात आहे. घुश्शात नव्हती. तिला दमा होता. दोन-तीन शब्द झाले की थांबून श्वास घ्यावा लागायचा, आणि त्या घेतलेल्या श्वासातून पुढचे दोन-तीन काढायचे. कुणी फार पाल्हाळ लावलं तर हात वर करून म्हणायची, "दम मोजका हाय. कामाचं बोला."

लग्नात ती अशी नव्हती म्हणे. मला माहीत नाही. आमच्या वेळेला नवी नवरी घरात आली तरी आई-वडिलांसमोर नवऱ्यानं तिच्याशी बोलायची पद्धत नव्हती. भाकरी वाढताना नुसतं "बास" म्हणायचं. वडील गेले, आई थकली, घरात आम्हाला मोकळेपणानं बोलायची सोय झाली, तोवर तिला दम लागायला सुरुवात झाली होती. म्हणजे माझी बायको बोलते कशी हे मला निम्मा संसार होईपर्यंत कळलंच नाही. मी समजत होतो की आपल्याला मुकी मिळाली, बरं झालं.

मी फरशी मिस्त्री. बारामतीत बंगले व्हायला लागले तेव्हापासून या कामात. आधी खाली घालायची शहाबादी, मग ओट्याचा कडाप्पा, मग लोकांना हौस आली तशा स्वैपाकघराच्या भिंतींनाही दगडाच्या फरश्या. तारबाई माझ्या हाताखाली असायची. माल कालवायची, घमेली द्यायची, फरशी धुऊन हातात द्यायची. दगड कापायचं मशीन आलं आणि काम झपाट्यानं व्हायला लागलं, पण मशीन चालू झालं की खोलीत पिठाच्या गिरणीसारखं व्हायचं. आम्ही तोंडाला टॉवेल बांधायचो आणि पुढं चालू. ज्या कामानं पोट भरलं त्याच कामानं तिची छातीही भरली. यात मी कुणाला दोष देत नाही, मलाही देत नाही. त्या वेळेला एवढं कुणाला कळत होतं.

दमा तिच्या माहेरचाच. निमगाव केतकीला तिचा बाप होता, मेंढरं राखलेला उंचापुरा माणूस. शेवटी शेवटी त्याला आडवं होता येत नव्हतं. आडवा झाला की श्वास कोंडायचा. भिंतीला टेकून, गुडघ्यावर उशी घेऊन, तिच्यावर डोकं टाकून तो दिवस-रात्र बसायचा आणि बसल्या जागीच गेला. त्याला सरळ करायला चार माणसं लागली. ते तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. त्या दिवशी परत येताना एसटीत ती मला म्हणाली, "बाप बसून मेला." मग श्वास घेतला. "मला झोपून जायचंय."

दुसरं काही मागणं तिनं माझ्याकडं कधी केलं नाही. लुगडं नाही, डोरलं नाही. एवढंच. आणि पुढच्या काही वर्षांत तिचंही तेच व्हायला लागलं. ती धान्याच्या कणगीला पाठ लावून बसून झोपायला लागली. मी शेजारी आडवा, पण एक कान तिच्याकडं. तिच्या छातीत शिट्टी वाजायची. शिट्टी वाजत असली की बरं वाटायचं. शिट्टी थांबली की मी उठून बसायचो.

नव्वद सालाच्या पुढं-मागं मी तिला बारामतीच्या एका डॉक्टरांकडं नेलं. भला माणूस. छाती तपासली, मग घरची चौकशी केली. चूल कुठं आहे, भिंती कसल्या आहेत, खिडकी केवढी. मी सांगितलं, चूल आत आहे, भिंती दगड-मातीच्या, वरनं पांढऱ्या मातीचा लेप, धुरानं काळ्या झालेल्या. दरवर्षी ती सारवते आणि दरवर्षी खपल्या पडतात. पीठ मळताना परातीतही पडतात. डॉक्टर म्हणाले, "औषध मी देईन, पंपही देतो. पण धूर आणि धूळ दोन्ही बंद करा. एक बंद करून चालायचं नाही." तिला बाहेर बसवून मला म्हणाले, "मिस्त्री, हा हिवाळा निघेल. पुढचा असाच काढला तर त्याच्या पुढच्याचं मी बोलत नाही."

परत येताना मी ठरवूनच टाकलं. गॅससाठी नंबर लावायचा, आणि भिंतींना खालपासून वरपर्यंत फरशी. म्हणजे सारवायला नको, खपल्या नकोत, ओल्या फडक्यानं पुसलं की झालं. लोकांच्या भिंती आयुष्यभर केल्या, आपली एक करायला काय हरकत.

"पांढरी टाइल लावू," मी म्हणालो. त्या वेळेला बारामतीत खोक्यातनं चकचकीत टाइल यायला लागल्या होत्या आणि मालक लोक दगडाला नाक मुरडायला लागले होते.

"नको," ती म्हणाली. "काळा दगड."

"अगं, अंधारी दिसंल खोली."

"दिसू दे." श्वास घेतला. "काळ्यावर धूळ दिसती."

 पांढऱ्यावर पीठ, राख, पांढरी माती काहीच दिसत नाही. काळ्या कडाप्प्यावर बोट फिरवलं तरी रेघ उठते. तिला सुंदर भिंत नको होती. तिला शत्रू दिसायला हवा होता.

शेजारच्या पारूवहिनींना हे कळलं तेव्हा त्या कंबरेवर हात ठेवून दारात उभ्या राहिल्या. त्यांची जीभ पहिल्यापासून धारेची. "तारबाय, सैपाकघर करतीयास का समाधी बांधतीयास?"

तारबाईनं मान वर न करता सांगितलं, "दोन्ही. जागा वाचती."

पारूवहिनी हसत हसत घरी गेल्या. मला मात्र ते बोलणं लागलं, कारण या कामात एक अडचण होती आणि ती तिलाही कळत होती. धूळ बंद करायची तर आधी धूळ उडवावी लागणार होती. जुना लेप खरवडायचा, मातीच्या सांध्यांतली माती काढायची, जाळी ठोकायची, सिमेंटचा थर द्यायचा आणि मग फरशी. मातीच्या भिंतीवर दगड तसाच चिकटवला तर चार महिन्यांत सुटून अंगावर येतो. आणि खरवडायच्या दिवशी त्या खोलीत धडधाकट माणूसही खोकून बेजार होतो.

म्हणून खरवडायच्या आदल्या दिवशी मी तिला एसटीत बसवून निमगाव केतकीला भावाकडं पाठवलं. आठ दिवस तिकडंच राहा म्हणालो. तिनं मान हलवली. मी खूश. दुसऱ्या दिवशी मी भिंत खरवडायला घेतली. शंभर सारवणं तरी निघाली असतील, एकावर एक, माझ्या आईच्या हातची, आजीच्या हातची. खोली धुरकटली. दुपार उलटली असेल, दारात कुणी उभं दिसलं. तारबाई. हातात पिशवी, पदर तोंडाला.

"का आलीस?"

"भिंत माझी हाय," ती म्हणाली, आणि पुढचा श्वास तिला घेता आला नाही.

तिचे खांदे वर चढले ते खाली येईनात. ओठ जांभळे झाले. मी तिला उचलली. हलकी होती, दोन घमेल्यांएवढी. घराच्या मागं कालव्याचा फाटा आहे, त्याच्या काठावर मोकळ्या वाऱ्याला नेऊन बसवली. पुढं वाकवली, हात गुडघ्यावर ठेवले, पंप तोंडाला धरला. पारूवहिनी पाठ चोळत होत्या आणि देवाचं नाव घेत होत्या. मला तिच्या बापाची बसलेली आकृती दिसत होती. तसाच बाक, तसंच डोकं गुडघ्याकडं आलेलं. मनात म्हटलं, जिच्या श्वासासाठी हे काम काढलं, तिचा श्वास घेऊनच हे थांबणार.

हळूहळू शिट्टी वाजायला लागली. मग शिट्टीही बारीक झाली. ती टेकून बसली आणि पाण्याकडं बघत राहिली.

"बास झालं," मी म्हणालो. "नको ती फरशी. तुला दत्ताकडं ठेवतो." दत्ता आमचा मुलगा. बारामतीला एमआयडीसीत कामाला, एका खोलीत राहायचा.

तिनं माझ्याकडं बघितलं. "काम थांबवायचं न्हाय."

"आणि तू?"

"मी हितं बसंन."

आणि खरंच बसली. माझं काम होईपर्यंत दिवसा ती फाट्याच्या काठावर लिंबाखाली असायची आणि रात्री पारूवहिनींच्या पडवीत. मीही एक ठरवलं. घरात दगड कापायचा नाही. मशीनला हात लावायचा नाही. सगळ्या फरश्या फाट्यावर नेल्या. जुन्या पद्धतीनं छन्नीनं रेघ मारायची, दगड पाण्याखाली धरून ठोका द्यायचा, कडा वाहत्या पाण्यात घासायच्या. धुळीचा कण उडत नव्हता. कापलेला दगड खांद्यावर घेऊन घरात न्यायचा, लावायचा, परत फाट्यावर यायचं. चार दिवसांचं काम महिन्यावर गेलं. बारामतीचे मालक निरोपावर निरोप पाठवत होते. मी एकालाही उत्तर दिलं नाही.

लेप निघाला, खोली धुऊन झाली, सिमेंटचा थर बसला, तशी ती मधून मधून आत यायला लागली. तोंडावर ओला पदर धरून. आणि आली ती सरळ माझ्या मापात शिरली.

"टेप खोटा हाय तुमचा," तिनं जाहीर केलं. "तोंड झिजलंय त्याचं."

ते खरं होतं. टेपच्या पुढचा पत्रा वाकून झिजला होता, मी अंदाजानं सांभाळून घ्यायचो. तिला अंदाज चालत नसे. तिनं सुतळीची गुंडी काढली. प्रत्येक ओळीच्या शेवटी, कोपऱ्याला जो तुकडा कापून बसवावा लागतो, त्या जागेचं माप तिनं सुतळीनं घेतलं. दोन्ही टोकांना गाठी मारल्या. वरच्या ओळीच्या सुतळीला एक जादा गाठ, त्याच्या खालच्या ओळीला दोन, असं करत खालपर्यंत. जुडी करून माझ्या हातात दिली. "गाठ ते गाठ. कापा."

मी फाट्यावर जाऊन एकेक सुतळी दगडावर ताणली आणि कापत सुटलो. आयुष्यात एवढं बिनचूक मी कधी कापलं नसेल, कारण ती काठावर बसून बघत होती. सगळे तुकडे झाले. घरी नेऊन लावायला गेलो तर पहिला तुकडा बोटभर कमी. दुसरा बोटभर कमी. खालपर्यंत सगळे बोटभर कमी. कोपऱ्याशी वरपासून खालपर्यंत एक सरळ फट.

"तुझ्या गाठी सरकल्या," मी म्हणालो.

"तुमचा हात सरकला."

"तीस वर्षं कापतोय मी."

"तीस वर्षं टेप खोटाय."

त्यावरून आमचं जे वाजलं ते पारूवहिनींनी घरात बसून ऐकलं. ती दोन शब्दांत वार करायची, मी दहा वाक्यांत उत्तर द्यायचो आणि तरी हरायचो. शेवटी मी बाहेर जाऊन बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं खुंटीला टांगलेली सुतळी काढली, भिंतीशी लावली. बरोबर. कापलेल्या तुकड्याशी लावली. तुकडा कमी. ती उभी राहून विचार करत होती. मग बादलीत सुतळी बुडवली, पिळली आणि तुकड्याशी लावली. गाठ ते गाठ बरोब्बर.

सुतळी भिजली की आखडते. कोरड्या सुतळीनं तिनं माप घेतलं आणि फाट्यातल्या ओल्या दगडावर ताणून मी कापलं. धूळ उडू नये म्हणून पाण्यात काम काढलं, त्या पाण्यानंच माप खाल्लं.

तिनं त्या ओल्या सुतळीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि हसायला लागली. तोंडावरचा पदर सुटला. ती भिंतीला धरून हसत होती, खाली बसून हसत होती. मी धावत जाऊन पंप आणला. हसणं हे तिला सगळ्यात वाईट. हसलं की खोकला, खोकला की दम, हे ठरलेलं. कितीतरी वर्षं ती नुसतं ओठ ताणून हसायची. मी पंप हातात धरून तिच्यासमोर उकिडवा बसलो आणि वाट बघू लागलो. हसणं सरलं. तिनं डोळे पुसले, नाक पुसलं, छाती भरून श्वास घेतला.

"पंप खाली ठेवा," ती म्हणाली. "माणूस हसतंय, मरत न्हाय."

ते एका श्वासात झालेलं वाक्य होतं. मी शब्द मोजत बसलो नाही, पण वाक्य मध्ये तुटलं नव्हतं हे माझ्या ध्यानात आलं.

फटीत काय घालायचं यावर मग फार भांडण झालं नाही. अंगणात शहाबादीचे राखी तुकडे पडले होते, त्यांच्या बोटभर पट्ट्या काढल्या आणि कोपऱ्यात वरपासून खालपर्यंत बसवल्या. काळ्या भिंतीत एक राखी काठ. पुढं एक बारामतीचे वकील मला शोधत घरी आले, ते भिंतीकडं बघतच राहिले. "मिस्त्री, हे डिझाईन आमच्या किचनला पाहिजे."  तारबाई चहा देत होती, ती म्हणाली, "ती चूक हाय." वकील हसले. त्यांना वाटलं, बाई विनय करतेय. त्या साली बारामतीत मी तीन-चार बंगल्यांत ती चूक बसवून दिली.

गॅसचा नंबर लागला. चूल अंगणात गेली, फक्त अंघोळीच्या पाण्यापुरती. मग थंडी आली. आमच्याकडं थंडी आणि उसाचा हंगाम एकदमच येतो. साखर कारखान्याचं धुराडं पेटलं की सगळ्या गावावर काजळीचा भुगा पडतो, वाळत घातलेल्या धोतरावर ठिपके येतात. दरवर्षी त्या महिन्यांत तिचे हाल बघवत नसत. त्या वर्षी ती खिडकी लावून घ्यायची आणि रोज सकाळी ओलं फडकं घेऊन भिंतीवरनं फिरवायची, वरनं खाली, साडीला इस्त्री केल्यासारखं. काळ्या दगडावर रात्रीची धूळ दिसायची, काजळी फडक्यावर उतरायची. तिला ती दिसली की बरं वाटायचं. "हे बघा, छातीत जाणार हुतं," असं म्हणून फडकं मला दाखवायची.

त्याच हंगामात एका दुपारी काम लवकर सुटलं, मी भरला डबा तसाच घेऊन जेवायला घरी आलो. दारातनं हाक मारली, उत्तर नाही. स्वैपाकघरात बघितलं तर ती जमिनीवर आडवी. कणगीला टेकून नाही, उशीवर डोकं टाकून नाही. चटईवर सपाट, पाय लांब करून, तोंड भिंतीकडं. माझ्या हातातला डबा पडला. इतक्या वर्षांत मी तिला आडवी बघितली नव्हती. मी गुडघ्यावर बसलो, तिच्या नाकाशी हात न्यायची हिंमत होईना. शिट्टीही वाजत नव्हती. मी तिच्या गेलेल्या बापाला बोलावलं, माझ्या गेलेल्या आईला बोलावलं, कुणाकुणाला बोलावलं मला आठवत नाही.

तिनं एक डोळा उघडला. "झोपू द्या की."

मी तिथंच बसून राहिलो. डब्यातली भाजी सांडली होती, ती तशीच गोळा करून खाल्ली. इतकी गोड भाजी मी त्याआधी खाल्ली नव्हती आणि त्यानंतरही नाही.

आणि मग ती बोलायला लागली.

मला आधी कळलं नाही हे काय चाललंय. एका सकाळी भाकरी थापता थापता तिनं सांगायला सुरुवात केली, की आमच्या लग्नात माझ्या मामीनं तिच्या आईला काय टोमणा मारला, तिची आई काय म्हणाली, तेव्हा मांडवात कोण कोण होतं आणि कुणी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. चार भाकरी झाल्या तरी मामी संपेना. मी म्हणालो, "हे तू मला आज सांगतीयास? मामी मरून गेली."

"तवा सांगायला दम न्हवता," ती म्हणाली. "आता ऐका."

मी ऐकलं. पर्याय नव्हता. तिच्याकडं सगळा साठा होता. प्रत्येक साखरपुडा, प्रत्येक बारसं, कुठल्या बंगल्यातल्या बाईनं कधी कपबशी वेगळी ठेवली आणि कुठल्या बाईनं आपल्या ताटातली पोळी दिली. मला वाटत होतं, ती काम करताना गप्प आहे म्हणजे कामच करतेय. ती सगळं बघत होती आणि आत रचून ठेवत होती, फरश्या रचतात तसं. मला दाखवायला तिला जागा झाली नव्हती एवढंच.

पारूवहिनी म्हणायच्या, "मिस्त्री, तुमी भिंतीला दगड लावला आन् आमच्या कानाला भोंगा लावला." पण त्याच पारूवहिनी रोज दुपारी येऊन बसायच्या. पुढं त्यांच्या सुनेला खोकला झाला तेव्हा तारबाईनं त्यांच्या मागं असा लकडा लावला, की त्यांची चूलही अंगणात गेली. आळीतल्या कुठल्याही घरात ती गेली की आधी भिंतीवर बोट फिरवायची आणि घरच्या बाईला दाखवायची. बायकांना राग यायचा. तिला काही वाटायचं नाही. "तुला दम हाय तवर तुला कळायचं न्हाय," असं तोंडावर सांगायची.

मी तिला कधी "गप बस" म्हणालो नाही. म्हणावंसं वाटलं, रोज वाटलं. पण तिचं वाक्य सुरू झालं की मी नकळत कान द्यायचो, मध्ये तुटतंय का म्हणून. काय सांगतेय ते मी ऐकत नव्हतो हे तिचं बरोबर होतं. मी दम ऐकत होतो.

अशी काही वर्षं गेली. चांगली गेली. दमा बरा झाला असं मी म्हणणार नाही, पंप घरात होताच. पण तो कोनाड्यात असायचा, हातात नसायचा.

त्या दिवशी गवार मोडून झाली, तिनं शेंगदाण्याचं कूट घालून भाजी केली, आम्ही जेवलो. बांगड्यांची गोष्ट अर्धी राहिली होती. ती म्हणाली, "जरा आडवी होते, मग सांगते." स्वैपाकघरातच चटई टाकली. उन्हाळ्यात दगडाला थंडावा असतो म्हणून ती भिंतीला लागून झोपायची. मी बाहेर छन्नीला धार लावत बसलो. कारखान्याचा चारचा भोंगा झाला, चहाची वेळ झाली, तरी ती उठली नाही. झोपू दे म्हटलं. थोड्या वेळानं मीच आत गेलो.

सरळ झोपली होती. एक हात गालाखाली. तोंड मिटलेलं, कपाळावर आठी नाही, पदर खांद्यावर जिथल्या तिथं. धडपड केलेली नव्हती, बसायचा प्रयत्न केलेला नव्हता. पंपाला हातही लागला नव्हता. मी हे सगळं नीट बघून घेतलं, काम संपल्यावर भिंत बघून घेतो तसं. मग तिच्याजवळ खाली बसलो आणि मग हाक मारली.

संध्याकाळपर्यंत सगळे गोळा झाले. दत्ता बारामतीहून आला, उंबऱ्यातच मला धरून म्हणाला, "आबा, लई दम लागला हुता का तिला?"

"न्हाय," मी म्हणालो. "अजिबात न्हाय. झोपेत गेली."

"खरं सांगा."

"मी बघितलंय. झोपून गेली, दत्ता."

निमगाव केतकीहून तिचा भाऊ आला, त्यालाही तेच सांगितलं. त्यानं तिचे लांब केलेले पाय बघितले, बराच वेळ बघितले, आणि खांद्यावरच्या टॉवेलात तोंड घातलं. पारूवहिनी ऊर बडवत म्हणत होत्या, "दम्यानं खाल्लं गं माझ्या मैत्रिणीला." मी उठून त्यांच्यापाशी गेलो. "पारूवहिनी, रडा, पण दम्याचं नाव घेऊ नका. ती पोटभर जेवून, तासभर बोलून, आडवी पडून गेली. दमा हरलाय."  बायकांत कुजबुज झाली, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं म्हणून. होऊ दे. जो येईल त्याला मी हेच सांगत होतो. अंधार पडता पडता तिला फाट्यापलीकडं नेली आणि अग्नी दिला. सरळ माणसाला उचलायला त्रास झाला नाही.

घरी येऊन अंघोळी झाल्या. पाहुणे घरभर पसरले. मी पडवीत अंथरूण टाकलं. मला वाटलं होतं, डोळ्याला डोळा लागणार नाही. पाठ टेकली एवढंच आठवतंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऊन अंगावर येईपर्यंत झोपलो. एवढा मी तरुणपणीही झोपलो नव्हतो. कुणीतरी पाहुणी म्हणत होती, "काल बायकू गेली आन् आज घोरतंय बघा माणूस." आणि पारूवहिनी तिला म्हणाल्या, "घोरू दे. त्याची लई वर्षांची झोप राहिलीया." मला ते ऐकू येत होतं, पण राग आला नाही आणि लाजही वाटली नाही. डोळे मिटून तसाच पडून राहिलो आणि सवयीनं कान दिला. अंगणात बादलीत पाणी पडत होतं, बायका हळू बोलत होत्या. मग उठलो, चूळ भरली आणि अंथरुणाची घडी घातली.